डबल केबिन पिकअप: पुढे हात गारठतात, मागे घाम फुटतो, यावर काय करावं

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा. डिझेल डबल केबिन पिकअप, सात-आठ वर्षं जुनी, गडद रंगाची, मागच्या सीटसाठी एसीची जाळी नाही. शनिवारी दुपारी चंद्रपूरहून नागपूरला निघता, सोमवारी सकाळी परत. पुढे बसणाऱ्यांचे हात गारठतात आणि मागे तुमच्या आई व दोन मुलं घामाघूम होतात. दोन वेळा गॅस भरून झाला, फरक पडला नाही. आता एका मेकॅनिकने मागे वेगळं कूलिंग युनिट बसवायला सांगितलंय, ते बसवावं का?

आत्ताच नको. मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात डबल केबिनची ही तक्रार दर मोसमात माझ्याकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढच्यांचे हात गारठतात ही. म्हणजे गारवा तयार होतोय. तो मागे पोचत नाही, आणि थोडाफार पोचतो तो उन्हापुढे टिकत नाही. गॅस कितीही वेळा भरला तरी या दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहतात.

आधी हवा कशी फिरते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एसी आतलीच हवा फिरवण्याच्या मोडवर असतो तेव्हा ब्लोअर डाव्या बाजूच्या पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, डॅशबोर्डखालून हवा ओढतो. ती कूलिंग कॉइलवरून जाऊन गार होते आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांमधून बाहेर पडते. तिथून ती पुढच्या दोघांच्या छातीवर आदळते, जड असल्यामुळे खाली उतरते आणि पायाशी जाऊन पुन्हा त्याच ब्लोअरमध्ये शिरते. हे चक्र पुढच्या दोन सीटमध्येच पूर्ण होतं. पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यातच मुरलं तर शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसं. मागची हवा त्या चक्रात येतच नाही. ती तिथेच साचून राहते, टपाने आणि मागच्या पत्र्याने तापत राहते.

त्यात आणखी एक गोष्ट होते. पुढे गारठा झाला की चालवणारा ब्लोअर दोनवर आणतो किंवा तापमानाचं बटण थोडं गरमकडे फिरवतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर हेच काम यंत्र स्वतः करतं, कारण आतलं तापमान मोजणारा सेन्सर पुढे डॅशबोर्डमध्ये असतो. त्याच्या लेखी केबिन गार झालेली असते. मागे काय चाललंय हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून लांबच्या प्रवासात ऑटो बंद करा, तापमान सगळ्यात खाली ठेवा आणि ब्लोअर हाताने वर ठेवा. गारठा टाळायचा तो जाळीची दिशा बदलून टाळायचा, ब्लोअर कमी करून नाही.

तरी गाडीचा मूळ एसी ठीक आहे का, हे खात्रीने बघून घ्या. स्वयंपाकघरातला किंवा फ्रिजचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत उभी करा, दारं-काचा बंद, आतली हवा फिरवण्याचा मोड, ब्लोअर पूर्ण, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर धरा आणि मग मागच्या सीटवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला धरा. बाहेर ४०-४२ अंश असताना मधल्या जाळीत १० ते १४ अंश मिळत असतील तर मशीन चांगलं काम करतंय. १८ च्या वर आकडा असेल तर मागचा विचार बाजूला ठेवा, आधी पुढचं दुरुस्त करा. जाळीत १२ आणि मागे डोक्याशी ३२ असं दिसलं, तर तुमचा प्रश्न हवा पोचवण्याचा आहे हे सिद्ध झालं.

गॅसबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एसीची पाइपलाइन बंद असते, त्यातला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे आणि ती न शोधता वर गॅस टाकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. कमी नसताना टाकला तर उलटा तोटा होतो. कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीत, द्रव जास्त साचतो, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि कूलिंग कमी होतं. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तुमच्या काळातल्या गाडीत बहुधा आर-१३४ए असेल. गॅस काढून, व्हॅक्युम ओढून, काट्यावर मोजून तेवढाच भरायचा. फक्त गेजच्या आकड्यावर भरण्याची पद्धत उन्हाळ्यात हमखास चकवते, कारण बाहेरच्या तापमानाप्रमाणे दाब बदलतो. आर-१३४ए चा लो साइडचा, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपमधला दाब २८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास असेल तर कॉइल शून्य अंशाजवळ असते, ४५ पीएसआयला ती १० अंशावर जाते. हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला, ४३-४४ अंशाच्या उन्हात २५० ते ३०० पीएसआय दिसणं काही अस्वाभाविक नाही. तेवढा आकडा बघून गॅस जास्त झाला म्हणून काढून टाकणारेही मी पाहिलेत. काही ठिकाणी स्वस्त म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरतात, तो कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर तो गॅस मुलं बसलेल्या केबिनमध्येच येणार.

आणखी तीन गोष्टी तपासून घ्या, या पट्ट्यात त्या वारंवार सापडतात.

पहिली, कंडेन्सर. कोळशाची धूळ, सिमेंट, कापसाचे तंतू, किडे यांनी त्याच्या पात्या बुजतात. गाडी हायवेवर गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर संशय इथेच घ्यावा, किंवा कंडेन्सरच्या पंख्यावर, किंवा इंजिनच्या पंख्याच्या व्हिस्कस क्लचवर (इंजिन तापलं की पंखा जोरात फिरवणारा जोड). पाणी मागून पुढे, साध्या पाइपने सोडा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पात्या आडव्या होतात आणि होता तोही वारा बंद होतो. समोर मोठा बंपर, जास्तीचे दिवे, नंबरप्लेटची रुंद पट्टी लावली असेल तर तीही वारा अडवते.

दुसरी, कूलिंग कॉइल. पिकअपच्या बऱ्याच मॉडेलांत केबिन फिल्टर नसतोच, किंवा खाच असते पण फिल्टर कोणी घातलेला नसतो. मग सगळी धूळ ओल्या कॉइलवर बसून चिखल होतो. ब्लोअरचा आवाज मोठा आणि वारा बारीक, हे त्याचं लक्षण. मागे हवा पोचवायची तर वाऱ्याला जोर हवा, आणि तो इथेच मरत असेल तर पुढचे सगळे उपाय फुकट. प्रवासाच्या पहिल्या तासात वारा चांगला आणि नंतर हळूहळू कमी होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. पाच मिनिटं एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. गाडीखाली भरपूर पाणी पडलं आणि वारा परत आला, तर कॉइलचा तापमान सेन्सर तपासा.

तिसरी, हीटर. इंजिनचं कढत पाणी (कूलंट) हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरत असतं आणि डॅशबोर्डमधली झडप नीट बंद होत नसेल तर गार हवेत गरम हवा मिसळते. हीटरचा पाइप क्लॅम्पने दाबून बघितलं की जाळीतलं तापमान खाली येतं का ते लगेच कळतं. येत असेल तर झडप दुरुस्त करा किंवा पाइपवर कॉक बसवून मार्च ते जून बंद ठेवा. कमी पैशात एवढा मोठा फरक देणारं दुसरं काम माझ्या माहितीत नाही. फक्त त्या मॉडेलमध्ये कूलंटचा प्रवाह हीटरमधूनच परत जात असेल तर सरळ बंद न करता बायपास ठेवावा लागतो, ते मेकॅनिककडून पाइप बघून घ्या.

आता हवा मागे नेण्याबद्दल. खर्च न करता जे होतं ते आधी करा. मधल्या दोन जाळ्या वर करा, टपाच्या खालून दोन सीटच्या मधून वारा मागे जाईल अशा. छातीवर रोखू नका. गार हवा वरून मागे गेली की ती स्वतःच खाली उतरते. कडेच्या दोन जाळ्या काचेच्या दिशेने, दार आणि सीट यांच्या फटीतून मागे जातील अशा वळवा. पुढचे दोघे थोडे कमी गार बसतील, पण ते चालेल.

मग परतीची वाट मोकळी करा. याकडे जवळजवळ कोणी बघत नाही. मागची गरम हवा ब्लोअरपर्यंत परत जाते ती पुढच्या सीटच्या खालून. तिथे जॅक, टूलबॉक्स, पाण्याचे कॅन, चपलांच्या पिशव्या कोंबलेल्या असतील तर मागची हवा हलणारच नाही, वरून कितीही गार हवा ढकला. जमिनीपर्यंत लोंबणारे सीटकव्हरही तिथे पडद्यासारखे आडवे येतात. ते सामान हौद्यात टाका.

यानंतर एक छोटा पंखा. १२ व्होल्टचा, पाच-सहा इंची, दोन पुढच्या सीटच्या मध्ये, टपाच्या खाली किंवा कन्सोलच्या मागच्या टोकाला, तोंड मागे. मागच्या हेडरेस्टवर बसवलेला पंखा मागचीच तापलेली हवा तोंडावर मारतो, त्याचा उपयोग नाही. पंख्याची मागची बाजू गार हवेत असली पाहिजे, म्हणून तो पुढच्या सीटच्या रेषेत हवा. वायर सिगारेट लायटरमध्ये लोंबती ठेवू नका. चावीवर चालणाऱ्या सर्किटमधून स्वतंत्र फ्यूज देऊन घ्या. आरसा झाकला जाणार नाही आणि धक्का बसल्यास मुलांच्या डोक्यावर येणार नाही अशी जागा निवडा.

ही कल्पना कंपन्यांनीही वापरली आहे. मित्सुबिशीच्या २०१९ च्या ट्रायटन पिकअपमध्ये, जी ऑस्ट्रेलियात आणि थायलंडमध्ये खूप चालते, मागच्यांसाठी टपाला एक एअर सर्क्युलेटर आहे. त्यात वेगळी कूलिंग कॉइल नाही. पुढची गार हवा टपाजवळून ओढून मागे सोडायची, एवढंच तो करतो. तिथेही उन्हाळा कडक असतो आणि तिथे एवढ्यावर भागतं, हे लक्षात घ्या.

पंख्यापेक्षा ठाम काम हवं असेल तर पाइप. मधल्या एका जाळीवर आतून नीट बसेल असा जोड करून ७५ मिलिमीटरचा लवचिक पाइप कन्सोलच्या कडेने मागे न्यायचा. पाइप जितका लांब, बारीक आणि वळणांचा, तितका वारा मरतो. म्हणून एकच पाइप, सरळ, आणि आतून गुळगुळीत असलेला. बाहेरून फोमची नळी चढवा, नाहीतर पावसाळ्यात त्यावर पाणी धरतं. गिअर, हँडब्रेक आणि चालवणाऱ्याचा डावा पाय यांच्या वाटेत तो यायला नको. ज्या मॉडेलच्या पुढच्या सीटखाली कंपनीचे पाय गरम करण्याचे पाइप आहेत, तिथे तर नवीन काही लागतच नाही. मोड ‘चेहरा आणि पाय’ असा ठेवला आणि तापमान पूर्ण गारवर असलं की त्याच पाइपांतून मागच्यांच्या पायाशी गार हवा येते. सीटखाली टॉर्च मारून बघा, अनेकांना ते आपल्या गाडीत आहेत हेच माहीत नसतं.

आता उन्हाकडे येतो. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर, चंद्रपूर त्याहून थोडं दक्षिणेला. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमाराचा. म्हणजे ज्या दिवसांत तापमान ४५ च्या पुढे जातं त्याच दिवसांत तुमच्या गाडीचा टप ऊन सगळ्यात सरळ झेलतो. चौरस मीटरला हजार वॅटच्या जवळपास ऊन, आणि डबल केबिनचा टप दोन चौरस मीटरच्या वर. गडद रंग त्यातला मोठा भाग शोषतो, पांढरा बराचसा परत फेकतो. बसलेलं माणूस स्वतः साधारण शंभर वॅट उष्णता टाकतं. पाच माणसं मिळून जेवढी उष्णता देतात त्याच्या कितीतरी पट ऊन टपावर पडत असतं.

म्हणून टपाचं रूफ लायनिंग उतरवून आत इन्सुलेशन करणं हे डबल केबिनमध्ये वसूल होणारं काम आहे. बाजारात ब्युटाइलची काळी-चंदेरी शीट डॅम्पिंगसाठी मिळते. ती आवाज मारते, उष्णता फारशी अडवत नाही. उष्णता अडवायला तिच्यावर बंद छिद्रांचा नायट्राइल रबरचा फोम हवा, ६ ते १० मिलिमीटर जाड, पत्र्याला पूर्ण चिकटलेला. चंदेरी फॉइलची चमक समोर हवेची फट असेल तरच कामाची; दोन थरांमध्ये दाबून टाकली की ती नुसती पातळ पत्री उरते. बाजूने पडदा-एअरबॅग असतील तर लायनिंग आणि खांबांना जाणत्या माणसानेच हात लावावा, एअरबॅगच्या वाटेत फोम, वायर, पाइप काहीही जाता कामा नये.

टपावर कॅरिअर असेल तर त्यावर हलकी पांढरी शीट घट्ट बसवून खाली दोन बोटं फट ठेवणं हाही चांगला मार्ग. जुन्या लँड रोव्हरना आफ्रिकेसारख्या प्रदेशांसाठी ‘ट्रॉपिकल रूफ’ नावाचा दुहेरी टप मिळायचा, तो याच तत्त्वावर होता. वरचा पत्रा ऊन खातो, मधून वारा जातो, खालचा सावलीत राहतो.

टपानंतर मागची भिंत. डबल केबिनमध्ये मागच्या सीटची पाठ सरळ केबिनच्या पत्र्याला लागलेली असते आणि पत्र्यापलीकडे तापलेला हौदा. सीटची पाठ काढा, तिथेही तोच फोम लावा. हे करताना त्या पत्र्यात खाली रबरी पडद्यांच्या झडपा दिसतील, बहुतेक पिकअपमध्ये असतात. दार लावताना दाबली गेलेली हवा बाहेर जावी म्हणून त्या दिलेल्या असतात आणि फक्त बाहेरच्या दिशेने उघडतात. धुळीने किंवा वाकून त्या उघड्याच राहिल्या तर हौद्याकडची गरम हवा आणि धूळ थेट तुमच्या आईंच्या कमरेशी येते. पुसून, रबर बदलून त्या नीट मिटतील असं करा. वरून फोम किंवा टेप लावून बुजवू मात्र नका.

काचांचं कायद्यात बसेल तेवढंच करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे नियमात बदल झाला आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. तरी रस्त्यावर वाद नको असेल तर काळी फिल्म मनातून काढून टाका. उन्हातली जवळजवळ अर्धी शक्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते, त्यामुळे उष्णता अडवायला काच काळी असावी लागत नाही. गाडी उभी असताना मागच्या काचेला बाहेरून पांढरं कापड टाकणं मात्र रोज करा.

बॅटरीवर चालणारे छोटे ‘पोर्टेबल एसी’ आणि पाण्याचे कूलर मागच्या सीटसाठी विकले जातात. घेऊ नका. पाण्याचा कूलर बंद केबिनमध्ये दमटपणा वाढवतो आणि ते पाणी पुन्हा काढायचं काम तुमच्या मुख्य एसीवर पडतं. पोर्टेबल एसी आपली गरम हवा केबिनमध्येच सोडतो.

हे सगळं करूनही मागचं तापमान उतरलं नाही तरच वेगळं युनिट. मागच्या युनिटला स्वतःची कॉइल, ब्लोअर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) असतो. पुढच्या लाइनला दोन ठिकाणी जोड देऊन त्याला गॅस नेतात. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर तेच राहतात, म्हणून मूळ एसीत ताकद शिल्लक असावी लागते. ती नसेल तर मागे मिळणारा गारवा पुढून कापलेला असतो, आणि सिग्नलवर दोन्हीकडे गरम. काम देण्याआधी विचारा: कंडेन्सर मोठा करणार का, जास्तीचा पंखा देणार का, मागच्या लाइनसाठी तेल आणि गॅस किती वाढवणार, मागच्या ब्लोअरचा भार अल्टरनेटर पेलेल का, आणि मागच्या कॉइलचं पाणी कुठून बाहेर काढणार. शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर तिथे काम देऊ नका. डबल केबिनमध्ये जागा टपालाच मिळते, आणि ड्रेन चुकला की ते पाणी मागे बसलेल्यांच्या मांडीवर पडतं.

निघताना एवढं करा. तापलेल्या गाडीत लगेच बसवू नका. दोन्ही बाजूंची दारं उघडून दोन-तीन मिनिटं वारा खेळू द्या, पहिले एक-दोन किलोमीटर मागच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, मग काचा बंद करून आतली हवा फिरवण्याचा मोड लावा. पाच माणसं असताना त्याच मोडवर तासन्‌तास राहू नका, कार्बन डायऑक्साइड साचून झोप येते, चालवणाऱ्यालासुद्धा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. आणि आईंना चालकाच्या मागे, उजव्या बाजूला बसवा. शनिवारी दुपारी उत्तरेकडे जाताना ऊन पश्चिमेकडून, म्हणजे डाव्या काचेवर असतं. सोमवारी सकाळी दक्षिणेकडे परतताना ते पूर्वेकडून येतं, तेव्हाही डावीच बाजू तापते.